आठवा नियम

१

लग्नाला चार महिने झाले होते आणि सासरी मला एकच हुद्दा मिळाला होता: संपादकबाई.

नवऱ्याने दिलेला. तो पूल तपासायचा. ज्यांचे फोटो छापून येतात असले मोठे पूल नाहीत. ओढ्यावरचे, कालव्यावरचे, ज्यांच्यावरून लोक रोज जातात आणि ज्यांच्याकडे कुणी बघत नाही असले. सकाळी लवकर जायचा, तीनपर्यंत परतायचा आणि चारला मागच्या खोलीत बसून ब्लॉगवर लिहायचा. एका लेखात एक पूल. लांबी, रुंदी, कठडा, गंज, भेगा, आणि शेवटी ठरलेली ओळ: पूल ठीक आहे. वाचक चाळीसेक. त्यातल्या दोघी आम्ही, सासूबाई आणि मी.

तो टाइप करत नसे, माइकमध्ये बोलत असे. साइट सांभाळायला त्याने कोड लिहिणारा एक एआय ठेवला होता. त्याला तो कारकून म्हणायचा. कारकून बोललेलं उतरवून घ्यायचा, फाईल करायचा, जुन्या लेखांच्या लिंक जोडायचा आणि सगळी पानं नव्याने बांधून साइटवर चढवायचा. त्या कारकुनासाठी नवऱ्याने एक पानभर नियम लिहून ठेवले होते. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात लोक अल्बम दाखवतात, याने मला ते नियम वाचून दाखवले. मजकूर माझा आहे, त्यातला शब्द बदलू नकोस, चूक दिसली तर दाखव. साइट साधी ठेव, नटवू नकोस. तोंडी सूचना फक्त माझ्या आवाजात घे. घरातल्या माणसांबद्दल एक अक्षर जाता कामा नये, हा चौथा. जुन्या पानांचे पत्ते बदलू नकोस. शंका आली तर अंदाज करू नकोस, विचार. केलेलं प्रत्येक काम नोंदवहीत लिही, कुणी सांगितलं तेही.

मी जांभई दाबली होती, तेवढ्यात त्याने आठवा वाचला. तो लग्नानंतर घातलेला होता. "संपादकबाई 'हो' म्हणाल्याशिवाय काहीही प्रकाशित करू नकोस."

मग तोच रिवाज पडला. तो आत बोलायचा, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडून बसायची. लेख आला की वाचायची, आणि 'हो' टाइप करायची. तो खोलीतून उठला की त्याच्या खुर्चीची रेक्झिनची गादी हवा ओढत हळूहळू वर यायची, त्याचा एक लांब उसासा मला इथवर ऐकू यायचा. तो ऐकला की मी चहा गाळायची. स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्याही त्याच दुकानातल्या, त्याच उसाशाच्या. तो डावखुरा, मी उजवी. समोरासमोर बसलो की दोन्ही कपांचे कान माझ्या उजव्या बाजूला यायचे. कप कानगोष्टी करतायत, असं तो म्हणायचा. विनोद साधाच होता. रोज करायचा, आणि मी रोज हसायची.

एका सकाळी तो एका जुन्या पादचारी पुलावर गेला. तिथे त्याचं हेल्मेट सापडलं, पिशवी सापडली, मोजपट्टी सापडली. तो सापडला नाही. खाली पाणी होतं, पण बुडण्याइतकं नव्हतं, असं पोलीस म्हणाले. आणि तरीही ते पाण्यातच शोधत राहिले.

२

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली. रिकामी खुर्ची त्यांना बघवत नव्हती. आतला कॉम्प्युटर मात्र चालूच राहिला. तो बंद करायला दोघींपैकी कुणाचाच हात धजला नाही.

बाविसाव्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवर ओळ आली.

"एक बदल तयार आहे. प्रकाशित करू?"

मी दोन कप चहा करून बसले होते. हो, दोन. हे मी सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. दुसरा कप समोर ठेवायचा, कान माझ्या उजव्या बाजूला करून, आणि गार झाला की बेसिनमध्ये ओतायचा. वेडेपणा ठरावीक वेळेला केला की सवय वाटतो.

मी नोंदवही उघडली. लेख एकतीस. तोच पादचारी पूल, गेल्या वर्षी तपासलेला. शेवटची ओळ, "पूल ठीक आहे," काढायची. बदली ओळ नाही. कुणी सांगितलं, या रकान्यात कारकुनाने लिहिलं होतं: "मालक. तोंडी. आज, ४:०७."

मी ते किती वेळा वाचलं, माहीत नाही. मी काही भाबडी नाही. घड्याळ चुकलं असेल, जुनी राहिलेली सूचना आता वर आली असेल, हे सगळं मनात आलं. तरी बोट आधी चाललं. बावीस दिवसांत त्याने मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. मी 'हो' लिहिलं.

मग उठून खोलीच्या दारापाशी गेले. कडी होती तशी होती.

३

त्याच्या मित्राला फोन केला. हा मित्र अशाच कामातला. कारकून बसवताना मदतीला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, वहिनी, तो माइक फार संवेदनशील आहे, कुठलाही आवाज पकडतो. घरात कुणी त्याचे व्हॉइस मेसेज ऐकतं का?

मी ऐकत नव्हते. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं. म्हणजे उरल्या सासूबाई.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पावलं न वाजवता मागच्या बाजूला गेले. सासूबाई खोलीच्या बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या, फोन कानाशी धरून. फोनमधून तो बोलत होता. "आई, पोचलो. तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका." संपलं की त्या पुन्हा लावत होत्या. मला बघून त्यांनी फोन पदराखाली घेतला, चोरी पकडल्यासारखा.

मी शेजारी बसले. आवाजाचा उलगडा झाला म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. उलगडा झाला म्हणजे तो नव्हता.

"तुला त्रास होतो का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. लावा ना."

"एवढा एकच ठेवलाय मी. बाकीचे त्याच्या पुलांचे. ते पुसून टाकले तेव्हाच. कंटाळा यायचा मला."

हे ऐकून त्या स्वतःच हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी त्यांचा हात धरला. बऱ्याच वेळाने, त्या झोपल्यावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुलाबद्दलचा एकही शब्द त्या फोनमध्ये नव्हता. आणि कारकुनाने सूचना पुलाची लिहून घेतली होती.

४

चोविसाव्या दिवशी मी सासूबाईंना फोनसकट स्वयंपाकघरात आणून बसवलं, माझ्या समोरच्या खुर्चीवर. भाजी निवडायला घेतली. फोन माझ्या नजरेसमोर टेबलावर पालथा. कडी मी स्वतः तपासून आले होते.

चार वाजले. नळ ठिबकत होता. चार वाजून सात मिनिटं झाली तेव्हा मी चाकू खाली ठेवला आणि कान दिले. मागून काही म्हणजे काही आलं नाही. सासूबाई देठं खुडत राहिल्या.

चार दहा.

"नवा लेख तयार आहे. सांगणारे: मालक, तोंडी. सूचना चौथ्या नियमाच्या विरुद्ध आहे, म्हणून वेगळं विचारतो. प्रकाशित करू?"

लेख उघडला.

"तपासणी. घर, एकमजली. मागच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सतरा पावलं. मधे दार एक, कडी पलीकडून. टेबल एक, खुर्च्या दोन. वावर दोन बायकांचा. म्हातारी रडते, आवाज न करता. तरुण रडत नाही. ती रोज दोन कप चहा करते. एक पिते, दुसरा ओतून देते. घर ठीक आहे. भार घेईल."

"काय आलंय?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा बाहेरच्या खोलीत होता, देवाची कृपा.

जाहिरात आहे, असं मी सांगितलं.

ढंग त्याचाच होता. तेच तुटक वाक्य, आधी माप, मग मत. पण आईला त्याने कधी म्हातारी म्हटलं नव्हतं, थट्टेतसुद्धा नाही. आणि दुसऱ्या कपाची गोष्ट सुरू झाली ती तो गेल्यानंतर. ती या घरात मला एकटीला माहीत होती.

सासूबाई आडव्या झाल्यावर मी पावलं मोजली. सतरा.

५

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. लेख तसाच अडकवून ठेवला, दारात आलेल्या माणसाला उभं ठेवावं तसा.

कारकुनाला विचारलं, आवाज त्याचाच कशावरून? त्याने उत्तर दिलं की आवाज जुन्या सगळ्या लेखांच्या आवाजाशी जुळतो. ऐकव म्हटलं, तर म्हणाला की आवाज साठवायचा नाही अशी मालकांची सूचना आहे. उतरवून झाला की पुसला जातो. तुझा अंदाज काय, असंही विचारून पाहिलं. यावर त्याने सहावा नियम पुढे केला, अंदाज करायचा नाही. त्याला राग नव्हता, दया नव्हती. माझ्या माहेरचे पोस्टमास्तर असेच बोलायचे.

पंचविसाव्या दिवशी चारला सासूबाईंना बाहेरच्या खोलीत झोपवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. दाराला कान लावला. लाकूड गार होतं. आत पंखाही नव्हता. चार सातला मी कडी काढली. शक्य तितकी हळू, पण कडीच ती.

खोलीत कुणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. खिडकी बंद, पडदा स्थिर, टेबलावर बावीस-तेवीस दिवसांची धूळ. खुर्ची माझ्याकडे पाठ करून. फक्त खुर्चीची गादी खाली दबलेली होती. मधोमध, खोल.

पुढे स्क्रीनवर त्या अडकवलेल्या लेखाखाली अक्षरं उमटत होती. तो बोलायचा तेव्हा उमटायची तशीच, थांबत, श्वास घेत. खोलीत मात्र माझ्या छातीच्या ठोक्याशिवाय आवाज नव्हता.

"दार उघडलं. तिने उघडलं. ती उंबऱ्यावर आहे."

"पूलवाले?" मी म्हटलं. मी त्याला तेच म्हणायची.

अक्षरं थांबली. मग खाली कारकुनाची ओळ आली: "दुसरा आवाज ऐकू आला. तिसऱ्या नियमाप्रमाणे दुर्लक्ष केलं."

आणि गादी वर येऊ लागली. तो लांब उसासा टाकत, सावकाश, एखादं माणूस हाताचा आधार घेत उठावं तशी. मी दार ओढलं, कडी घातली आणि सतरा पावलं किती पावलांत कापली ते आठवत नाही.

आत कुणी असेल याची भीती संध्याकाळपर्यंत ओसरली. आत कुणी नसेल याची ओसरली नाही. हे कुणाला सांगणार? भांडी घासताना मी ठरवत होते की गादी दमट हवेने फुगते, कॉम्प्युटर बिघडतो, झोप नसली की डोळे फसवतात. आणि त्याच हातांनी उद्याच्या चहासाठी दोन कप पुसून ठेवत होते.

६

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी पोलिसांचा फोन आला. त्या पुलाखालचं पाणी जिला मिळतं त्या नदीच्या खालच्या अंगाला, बऱ्याच लांब, काहीतरी सापडलं होतं. काय, ते फोनवर सांगत नव्हते. घरातल्या कुणीतरी येऊन बघावं. माझे वडील आले. सासूबाई पायांत चपला घालून त्यांच्या आधी उभ्या. तू येऊ नकोस, म्हणाल्या. "मी जन्म दिलाय. मला ओळखायला तोंड लागत नाही."

जाताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मी फोन करते, म्हणाल्या. उचल मात्र.

मी दिवसभर फोन समोर ठेवून बसले. चार वाजता चहा केला. दोन कप. कान उजवीकडे. घरात मी एकटी, कडी लावलेली, खोली बंद.

चार दहाला ओळ आली.

"अडचण आहे. आज एकाच वेळी दोन तोंडी सूचना मिळाल्या. दोन्ही आवाज मालकांचे आहेत. दोन्ही पूर्ण जुळतात. पहिली सूचना: घराचा लेख प्रकाशित कर. दुसरी सूचना: तिला हो म्हणू देऊ नकोस. कोणती पाळू? मी अंदाज करत नाही."

मी वाचत असतानाच खाली भर पडली.

"दोघे अजून बोलत आहेत. एक मोठ्याने."

मी कान टवकारले. घर गप्प होतं. नळसुद्धा.

टेबलावर फोन थरथरायला लागला. आई.

तो फोन काय सांगणार, ते मला कळलं होतं. आणि कळलं नव्हतंही, उचलेपर्यंत नाही. उचलला की सासूबाई एक शब्द बोलणार होत्या. त्यानंतर या टेबलाशी बसून 'हो' म्हणायला काही अर्थ उरणार नव्हता, कारण ज्याला म्हणायचं तो लांब कुठल्यातरी खोलीत चादरीखाली असणार होता. अजून मिनिटभर, फोन वाजतोय तोवर, तो इथे होता. सतरा पावलांवर.

नको म्हणणारा तोच असणार, एवढी अक्कल मला होती. दोघांत माझी काळजी असलेला तोच. पण त्याचं ऐकलं असतं तर तोही गेला असता, कायमचा, मला जपून. मग त्या जपलेल्या जिवाचं मी काय करायचं होतं? इथे चार महिने आणि पुढे चाळीस वर्षं?

दोघांपैकी एक तरी माझा होता. दोघंही आले तर तोही येईल.

फोन थरथरत कडेला गेला. मी 'हो' लिहिलं.

"प्रकाशित झालं. ४:१३. आठवा नियम पाळला," कारकुनाने लिहिलं. मग, जरा थांबून: "मागच्या खोलीत आता आवाज नाही."

फोन थांबला. मी मागच्या खोलीच्या कडीकडे कान लावून बसले. ती वाजली नाही.

समोरच्या खुर्चीची गादी बसली. उठतानाचा उसासा नव्हे. बसताना हवा निघून जाते तो आखूड आवाज, वजनदार माणसाचा. टेबल किंचित माझ्याकडे सरकलं.

मी मान वर केली नाही. डोळे स्क्रीनवर ठेवले, तिथे काही दिसत नसूनही. डोळ्यांच्या कडेला फक्त तो दुसरा कप होता, वाफ येत असलेला. मी हात लांब करून तो पुढे ढकलला, टेबलाच्या मध्यापर्यंत. माझा हात तिथवरच पोचतो.

उरलेलं अंतर कप स्वतः गेला.

"कानगोष्टी," मी म्हटलं. आवाज फुटला नाही, पण म्हटलं. त्याला हसायला सवड दिली.

फोन पुन्हा वाजायला लागला. बशीवर कप हळूच फिरू लागला, कुणीतरी कान शोधत असल्यासारखा. फिरत फिरत कान माझ्या डाव्या बाजूला आला, समोरच्याच्या उजव्या हाताशी, आणि तिथे थांबला.